दिनू हरला, मावशी

प्रिय मावशी,

काल संध्याकाळी फायनल झाली आणि आपला दिनू हरला. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहितेय. मैत्रिणींना सांगून उपयोग नाही. त्यांच्या लेखी तो नुसता मागच्या रांगेतला एक मुलगा. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. माझी देवनागरी हिंदीच्या बाईंनी घडवलीय, तुला ठाऊक आहेच.

नऊ जागा होत्या. तो दहावा आला. दहावा, मावशी! पन्नासावा आला असता तर दोन शिव्या देऊन गप्प बसले असते.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? सांगलीचा गाण्याचा क्लास बंद करून आईच्या हट्टापायी तू आमच्याकडे जयपूरला राहायला आलीस, तेव्हा मला वाटलं, झालं, आता माझ्या कोरियन गाण्यांवर संक्रांत! आणि ओरडायचीसच तू. "कसला कालवा लावलायस गं? त्यापेक्षा मिक्सरचा आवाज बरा." मग एका दुपारी स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता तू हातात अर्धी शेंग घेऊन बाहेर आलीस. म्हणालीस, "हा कोण? हा पोरगा सुरात आहे."

कोरियन गाण्यांची एक स्पर्धा चालू होती, पडद्यावर तीस पोरं एकदम नाचत होती. कोण ते शोधायला मला व्हिडिओ तीनदा मागे न्यावा लागला. सापडला तो सगळ्यांत मागे, पावलं चुकवत. तू म्हणालीस, क्लासमधला दिनू असाच होता, गळा देवाचा आणि पाय उधारीचे. त्या दिवसापासून तो दिनू. त्याचं खरं नाव तू एकदाही घेतलं नाहीस!

कार्यक्रम कसा असतो हे मी समजावलं तेव्हा किती चिडली होतीस. लोक मतं देणार, कमी मतं मिळतील ते दर फेरीला घरी जाणार, शेवटी उरतील त्या नऊ जणांचा ग्रुप होणार. "म्हणजे वर्षभर रियाज करायचा पोरांनी, आणि परीक्षक कोण, तर बाजारात निघालेले लोक?" एवढं बोलून दुसऱ्याच मिनिटाला मला म्हणालीस, "माझ्या मोबाइलवर घालून दे ते. मला मत द्यायचंय."

मग रोज सकाळी चहा झाला की चष्मा लावून तुझं मतदान. वर्तमानपत्र नंतर. दूधवाल्या भैयालासुद्धा सोडलं नाहीस. "भैया, एक वोट डालो ना, लड़का बहुत अच्छा है." तो बिचारा आईला विचारत होता, माताजी कुणाचं लग्न जमवतायत का म्हणून! खालच्या आंटींनी तर तुझ्या धाकानं ॲप घेतलं.

एक तक्रार आहे माझी, ऐकून घे. माझा आवडता वेगळाच होता, तो सोनेरी केसांचा. तो काल पहिल्या फटक्यात आत गेला, मजेत आहे. मी आज खुशीत असायला हवं होतं. तू मला दिनूच्या नादी लावलंस. डोळे मिटून ऐकायला बसवलंस, तो वरच्या सुराला जाताना माझं मनगट धरून ठेवायचीस. नादी लावलंस आणि फायनलच्या आधी निघून गेलीस. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही हे तुलाही कळतंय. त्या सकाळी दवाखान्याच्या वाटेवर गाडीत तू माझ्याकडे असं बघत होतीस, जणू काही सांगायचं राहिलंय. मी म्हणत राहिले, आलंच हॉस्पिटल, आलंच. सांगानेरचं ट्रॅफिक हलेना. मी नुसता हॉर्न ऐकत तुझा हात धरून बसले.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ही फक्त तुला सांगतेय.

बाबा विमा कंपनीच्या ऑफिसात आयुष्यभर क्लेमच्याच टेबलावर. दुसऱ्यांच्या घरातले मृत्यू बघून त्यांचा एकच नियम झालाय, माणूस गेल्यावर कामं लांबवायची नाहीत. लांबवली की घरचेच होरपळतात. तुझा दाखला हातात आला त्याच दिवशी त्यांनी बँक, पेन्शन, सगळीकडे कळवलं. आणि तुझं सिम बंद करून आले. येताना जिना चढून धापा टाकत होते, पण म्हणाले, "चला, ताईंचं एक काम झालं."

माझं ठरलं होतं, फायनलपर्यंत तुझं मत तुझ्या मोबाइलवरून रोज पडणार. पडतही होतं. पण फायनलच्या मतासाठी ॲपनं सगळ्यांचे नंबर पुन्हा तपासायला घेतले. ओटीपी पाठवला म्हणालं. कुठे पाठवला? तो नंबर आता कुणाचाच नव्हता. मी वेड्यासारखी पुन्हा पुन्हा मागवत बसले. पडद्यावर आपला दिनू हसत होता, खाली रिकामे चौकोन.

बाबांना काय बोलणार? त्यांनी तुझ्यासाठीच तर केलं होतं.

तुझ्या एका मतानं काही बिघडलं नसतं, काही घडलंही नसतं. फरक हजारोंचा होता. मला हिशोब येतो. पण तुझं मत असतं आणि तो हरला असता, तर ते हरणं वेगळं झालं असतं ना गं?

तर काल. आईनं वर्षभर घरात गाणं नको म्हणून सांगितलंय, म्हणून लॅपटॉप आणि इअरफोन. आईचं आत देवघरात काहीतरी चाललं होतं. तेवढ्यात बाबा ऑफिसातून आले. बूटसुद्धा न काढता माझ्याशेजारी बसले आणि माझ्या कानातला एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला. "ताईंचा मुलगा कोणता?" म्हणाले. ताईंचा मुलगा!

आठ जण जाहीर झाले. शेवटच्या जागेसाठी दोघांना पुढे उभं केलं. मग जाहिरात, मग पुन्हा तेच दोन चेहरे, मग पुन्हा जाहिरात. दिनू दोन्ही हातांनी कोटाचं टोक चुरगाळत होता. बाबा म्हणाले, "अरे, सांगून टाका ना, जीव घेता काय!" आणि निवेदकानं दुसऱ्याचं नाव घेतलं. दिनूनं काय केलं माहितीये? टाळ्या वाजवल्या. त्या मुलाला मिठी मारली, त्याचा माइक सरळ करून दिला आणि मागे जाऊन उभा राहिला. जिथून आला होता तिथेच.

बाबांनी विचारलं, "आता अपील कुठे करायचं?"

"अपील नसतं, बाबा."

"असं कसं? प्रत्येक निर्णयावर अपील असतं. मुदत असते, वरचा अधिकारी असतो."

"नसतं, बाबा."

"मतलब, संपलं?"

मी मान हलवली आणि मग मला आवरेना. ओक्साबोक्शी रडले, मावशी. आई धावत बाहेर आली, तिला वाटलं कुणाचा फोन आला. पडद्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "माझी बहीण गेली तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही आलं. आणि या परक्या पोरासाठी हंबरडा फोडतेस?"

खरंच नाही आलं गं टिपूस. तेव्हा वेळ कुठे होता? सांगलीहून आलेल्यांना स्टेशनवरून आणायचं, इथल्या पंडितजींना आपल्याकडची रीत हिंदीत समजावून सांगायची, कुणाला चहा, कुणाला गादी. सगळे म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मला तर वाटलं होतं, माझ्यात काहीतरी कमीच आहे.

आई आत गेली आणि जेवलीही नाही.

तेवढ्यात तिकडे शेवटचं गाणं लागलं, जिंकलेले-हरलेले सगळे मिळून म्हणतात ते. दिनूला मागे उभा राहून एक ओळ होती, तीही वरच्या सुरातली. त्यानं म्हटली. मी पुन्हा पुन्हा ऐकली. आज सकाळपासूनही ऐकतेय. सुरात होता का गं? मला कळत नाही! मला आवाज थरथरल्यासारखा वाटतो, मग वाटतं माझाच कान थरथरतोय. ते बघणं तुझं काम होतं. मी कुणाला विचारू?

आई अजून बोलत नाहीये. हे पत्र संपलं की मी तिच्याजवळ जाऊन बसणार आहे. सिमचं तिला सांगणार नाही, बाबांना तर कधीच नाही. पण ती ओळ तिला ऐकवणार आहे. वर्षभर गाणं नको म्हणाली तरी ऐकवणार. तिला म्हणणार, मावशीला हे ऐकायचं होतं, तू ऐक आणि सांग, सुरात आहे का. तुझी सख्खी बहीण आहे ती, कळेलही तिला. आणि नाहीच कळलं, तर न कळणाऱ्या निदान आम्ही दोघी असू.

एवढं नक्की करीन.

तुझी,
रेवा