तिघांचा एकच पास

जालना,
ता. ९ मार्च १९९९

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनी यांच्या पायांवर धाकट्या रामकिसनचं डोकं.

इकडं सगळं ठीक हाये. होळीला तीर्थपुरीला आलो न्हाई म्हणून वहिनी रुसल्या असतील. रानातल्या बियाण्याच्या प्लॉटवरचा शेवटचा कापूस कंपनीत पोचवायचा होता, त्यात अडकलो. दादा, तुमचा गुडघा कसा हाये? शेकायचं सोडू नका. तुमी दोन दिवस बरं वाटलं की औषध कोनाड्यात ठेवून देता, मला माहीत हाये.

तुमचं पत्र पुंजारामनं आणून दिलं. बापाचं पत्र काका वाचून राह्यला म्हणल्यावर त्यानं चहासुद्धा अर्धा टाकला अन् एसटीचं निमित्त सांगून पळाला. इतकं गरम लिहिलंय तुमी.

पहिलं तर तुमी म्हणता, ह्या वयात परदेशाचं खूळ कशाला, काशीला जा. काशी काय कुठं पळून चालली का? मच्छिंद्रला कंपनीनं हॉलंडला बियाण्याचं काम शिकायला धाडलं होतं, तवापासून त्याच्या मनात होतं की माय-बापाला एकदा ती दुनिया दाखवायची, अन् तीबी आगगाडीतून. विमान फक्त जायला अन् यायला. पोरगा एवढ्या हौसेनं म्हणून राह्यला, त्याला मी न्हाई कशाला म्हणू?

तिकडं रेल्वेचा एक पास भेटतो. तो घेतला की हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, कोणत्याबी देशात गाडीत बसा, मन लागलं तिथं उतरा, पुन्हा चढा. आपल्याकडं परतूरला तिकीट काढूनबी दारात लटकावं लागतं, म्हणून मला आधी हे खरंच वाटलं न्हाई. आमचा पास तिघांचा मिळून एकच हाये. तिघांची नावं एकाच कागदावर, अन् तिघंबी एकाच गाडीत पाहिजेत. एक जण मागं राह्यला तर बाकीच्या दोघांचाबी पास चालत न्हाई. मला हा कायदा बिलकुल पसंत पडला. गोऱ्यांनी आपल्या भावकीचं बघून केला असंल.

सांजच्याला मच्छिंद्र एमआयडीसीतून आला की जमिनीवर नकाशा पसरतो. पंख्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या. तुमची भावजय चष्मा लावून बसती अन् प्रत्येक गावाला एकच इचारती, तिथं गरम पाणी भेटंल का. धपाटे किती, चटणी किती, गूळ किती, ते तिचं ठरून गेलं. पासपोर्टच्या फोटोला फोटोवाला म्हणला, मावशी, पदर मागं घ्या, कान दिसले पाहिजेत. तर ती म्हणली, माझ्या नवऱ्यानं अजून माझे कान बराबर बघितले न्हाईत, सरकारला कशाला पाहिजेत! सगळं दुकान हसलं.

आमचा रस्ता असा. ॲमस्टरडॅमला उतरायचं, तिथून कोलोन, मंग म्युनिक, म्युनिकहून व्हिएन्ना, पुढं व्हेनिस अन् रोम. मध्ये लिंझ म्हणून एक गाव हाये, तिथं गाडी बदलायला तीन घंटे थांबावं लागतं. तिथं बघायसारखं काही न्हाई म्हणतेत. पण गाडीच तशी हाये, आपला काय इलाज.

आता तुमच्या मुद्द्याचं. वैशाखात तुमच्या नातवाचं लग्न हाये. तुमी लिहिता, पत्रिका छापायला टाकायच्या आधी कळव, तिकडं गेल्यावर त्या पोरीच्या घरी जाणार का न्हाई. जाणार असशील तर निमंत्रकांत तुझं नाव टाकायचं न्हाई, असं भावकीचं ठरलंय. दादा, नऊ वर्षांखाली माझ्या लेकीनं दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न केलं, तवा मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर मी बेलभंडार उचलला, तिच्या घराची पायरी चढणार न्हाई म्हणून. आजवर चढलो न्हाई. ह्या प्रवासातबी चढणार न्हाई. रामकिसन बोलला ते बोलला. तवा माझं नाव बिनघोर छापा, तुमच्या नावाखाली, नेहमीसारखं.

ता. ११ मार्च

दादा, वरचं पत्र पाकिटात घालून ठेवलं अन् डिंक आणायला बाहेर गेल्तो. मोंढ्याच्या बाजारात दोघं-चौघं भेटले, बोलत बसलो. घरी येऊन बघतो तर तुमची भावजय ओसरीवर पत्र मांडीवर घेऊन बसलेली. चौथी शिकलेली बाई हाये, अक्षर लावून लावून सगळं वाचलं तिनं.

मला म्हणली, "लिंझला गाडी बदलावी लागती का?"

म्हणलं, हो.

"मच्छिंद्र तर म्हणत होता, म्युनिकहून गाडी थेट व्हिएन्नाला जाती."

मी टोपी काढून खुंटीला लावली. दुसरं काय करणार?

तर आता तुमालाबी खरं सांगून टाकतो. लिंझला गाडी बदलायची काही गरज न्हाई. माझी बेबीनंदा तिथं राहती. दवाखान्यात नर्स हाये, अन् तिचा नवरा वर्गीस त्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्यांना एक पोरगी हाये. तिथं थांबायचं मीच मच्छिंद्रला सांगितलं, अन् त्यानं फोन करून बहिणीला कळवलंबी. ती नवऱ्याला अन् पोरीला घेऊन स्टेशनात येणार. तीन घंटे बाकड्यावर बसायचं, बोलायचं, नातीला बघायचं अन् पुढची गाडी धरायची. फलाट रेल्वेचा हाये, तिच्या घराची पायरी न्हाई. शपथबी राहती अन् लेकबी भेटती. दादा, माझ्या अकलेवर मीच खुश होतो.

तुमची भावजय खुश न्हाई झाली. म्हणली, "लेकीला फलाटावर भेटायचं? आपण काय पार्सल सोडवायला चाललो का?"

मी म्हणलं, अगं, बेलभंडार उचललाय मी.

"तुमी उचलला. त्या पारावर एक तरी बाई होती का? मी पोटात वाढवली, मी न्हाऊ घातली, शाळेला जाताना मी वेणी घातली. अन् तुमी सगळ्या बाप्यांनी मिळून एका सांजंला सोडून दिली. मला कुणी इचारलं?"

म्हणलं, हळू बोल, शेजारी ऐकतेत.

"ऐकू द्या. नऊ वर्षं हळूच बोलले."

मंग तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. "मी बेबीनंदाच्या घरी जाणार. तिचं सैपाकघर बघणार, तिच्या हातचं खाणार, नातीला कुशीत घेऊन तिच्याच घरात झोपणार. हे जमत नसंल तर मी इथं बरी. तुमी दोघं जाऊन या."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलून राह्यली, उद्या उतरंल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर धपाट्यासाठी काढून ठेवलेलं पीठ तिनं परत डब्यात ओतलेलं. मच्छिंद्रकडं गेलो, म्हणलं, तूच समजाव तुझ्या मायला. तो दाढी करून राह्यला होता. आरशातूनच म्हणला, "आबा, माय न्हाई तर पास न्हाई. तिघांचा हाये." अन् गालातल्या गालात हसला, बेटा!

तरी मी माझा हेका सोडला न्हाई. तिला म्हणलं, बरं बाई, तुझ्या मनासारखं. तू अन् मच्छिंद्र वर तिच्या घरात जा, राहा, जेवा. मी खाली रस्त्यावर उभा राहतो, रात्रीला कुठं तरी धर्मशाळा बघतो. झालं का समाधान?

ती म्हणली, "राहा की उभे. नात खिडकीतून बघंल अन् मला इचारंल, आजी, खाली तो म्हातारा कोण हाये? मी तिला काय सांगू, ते तेवढं सांगून ठेवा."

दादा, मी तसाच उठून प्लॉटवर गेलो. बाया कापसाच्या पऱ्हाट्या उपटून राह्यल्या होत्या, त्या हाका मारत होत्या, आबा, या, भाकर खा. मी बांधाकडं वळलो. माझी नात शाळेत जाती अन् तिला तिचा आजा कोण हे माहीत न्हाई, हे मी नऊ वर्षांत एकदाबी असं मनात आणलं नव्हतं. बांधावर बसून रडलो. आता लिहायला लाज कशाची!

तर तुमच्या पत्राचं खरं उत्तर हे. मी लिंझला उतरणार, लेकीच्या घराची पायरी चढणार अन् तिच्या घरी राहणार. दोन दिवस राहीन, नातीनं धरून ठेवलं तर चार दिवस राहीन. व्हिएन्ना कुठं जात न्हाई.

चिडलात ना? चिडा. पण ऐकून घ्या. बाप गेला तवा मी लंगोटीत होतो, तुमी मला खांद्यावर घेऊन वाढवलं, ते मी कधी इसरणार न्हाई. शाळा सोड म्हणलात, सोडली. खालचं रान घे म्हणलात, घेतलं. बेलभंडार उचल म्हणलात, उचलला. तुमच्या शब्दाबाहेर आजवर गेलो न्हाई. पण दादा, बेबीनंदाचा बाप तुमी न्हाई, मी हाये. शपथ मोडल्याचं पाप असंल तर ते मलाच लागू द्या. मारुतीपुढं नारळ ठेवून मीच सांगीन, देवा, मोडली. त्याला द्यायची ती शिक्षा त्यानं द्यावी. त्याच्यासाठी भावकीनं बैठक बोलवायची गरज न्हाई.

अन् परक्या धर्माचा परक्या धर्माचा म्हणून तुमी सगळे ज्याचं नाव घेत न्हाई, त्या वर्गीसचं ऐका. मच्छिंद्र हॉलंडला होता तवा त्यांच्या घरी जाऊन राहून आल्ता. म्हणला, दाजी सकाळी उठून पोरीचा डबा करतेत, दीदीची रातपाळी असली की तिला स्टेशनापासून घरी घेऊन येतेत, अन् आपल्या घरावरून एक वाकडा शब्द बोलत न्हाईत. आपल्या भावकीतल्या किती जावयांचं असं सांगता येतं? तुमीच आठवून बघा, मी नावं लिहीत न्हाई.

तवा पत्रिकेचं असं करा. माझ्या नावाखाली बेबीनंदा अन् वर्गीस ही दोन नावं छापणार असाल तर माझं छापा. न्हाई तर माझंबी छापू नका. तुमच्या नावाखाली माझं नाव न्हाई, हे बघून माझ्या काळजाचं पाणी होईल, खोटं कशाला बोलू. पण ते बघीन मी. नातीला तोंड दाखवायला जागा न्हाई, हे बघू शकत न्हाई.

लग्नाला मात्र मी येणार. बोलवा, न बोलवा. तुमच्या नातवावर अक्षता टाकायला मला छापखान्याची परवानगी लागत न्हाई. मांडवातून उठ म्हणायचं असंल तर तुमी सोता येऊन म्हणा, पुंजारामला धाडू नका. तुमच्या तोंडून ऐकीन, तुमच्या पाया पडीन अन् मंगच उठीन.

तुमची भावजय आत पुन्हा पीठ मळून राह्यली. तिचा तुमाला नमस्कार. तिनं सांगितलंय, पत्र फाडायचं असंल तर खुशाल फाडा, पण आधी वहिनींना पूर्ण वाचून दाखवा. पारावर त्यांनाबी कुणी बोलावलं नव्हतं.

तुमचा भाऊ,
बेबीनंदाचा बाप,
रामकिसन