गृहकृत्यदक्ष कोण?

विश्वासभाऊ,

सकाळच्या एसटीने धुळ्याला निघाले. पंपाच्या कारखान्याने मुलाखतीला बोलावलंय. तू नोकरीसाठी टाइप करून आणलेला माझा बायोडाटा लग्नाचाच होता: रंग गव्हाळ, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष. ते सगळं खोडून मी जाहिरातीत मागितलेले शब्द घातले: मोटार वाइंडिंग, पंप दुरुस्ती. त्यात खोटं काही नाही. मळ्यातली मोटार जळली तेव्हा वाइंडिंग मीच केलं, तू नुसता पाना धरून उभा होतास.

जामनेरचे पाहुणे दुपारी येतील. मला न विचारता बोलावलेस, आता तूच सांभाळ. शेव आणून ठेवली आहे, भाजी तू कर. पाहुण्यांना आवडली, तर 'गृहकृत्यदक्ष' तुझ्या बायोडाटात टाकू.

करुणा