तळ्याकाठचं दुकान रुबीला, विनाअट

मी, शोभना प्रल्हाद निमकर, वय एकाहत्तर वर्षे, राहणार अर्विंग, टेक्सास, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझं हृदय थकलं आहे, पण डोकं शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून वळवलेलं नाही. ज्यांनी वळवायचा प्रयत्न केला त्यांची नावं पुढे येतीलच. याआधी मी केलेलं एकमेव मृत्युपत्र प्रल्हाद असतानाचं होतं. ते आता रद्द समजावं. याचं इंग्रजी भाषांतर वकीलबाईंनी करून घेतलं आहे आणि ते सोबत जोडलं आहे.

१. माझा मुलगा ईशान, राहणार नेपरव्हिल, याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमत आहे. अर्विंगचं राहतं घर आणि बँकेतली सर्व शिल्लक त्याची. घराच्या मागच्या दाराची कडी वर उचलून सरकवावी लागते. नवीन बसवू नये असं माझं म्हणणं नाही, मला जमलं नाही एवढंच.

२. माझे सोन्याचे दागिने सूनबाई आश्लेषाला. मोडून नवे केले तरी चालतील. मी माझ्या सासूबाईंचे मोडले होते आणि त्यांना कधीच सांगितलं नाही.

३. नागपूरच्या धरमपेठेतल्या फ्लॅटमधला आमचा हिस्सा माझे धाकटे दीर यतीनभाऊजी यांना. आमच्या दुकानाची बातमी टीव्हीवर आल्यानंतर त्यांनी फोनवर विचारलं होतं, "वहिनी, दादा इंजिनिअर म्हणून गेला आणि शेवटी बंदुकीच्या गोळ्याच विकल्यात ना?" त्यानंतर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. ते खोटं बोलले असते तर मी लवकर विसरले असते. हिस्सा देताना मनात राग नाही.

४. आता दुकान. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावं.

अर्विंगपासून पाऊण तासावर, तळ्याकाठी, आमचं एक दुकान आहे. मासे धरायचे गळ, गळाला लावायचे किडे, बर्फ, दूध, पाव, कॉफी असं सगळं तिथे मिळतं. प्रल्हादची टेलिकॉममधली नोकरी गेली तेव्हा आम्ही ते एका म्हाताऱ्या जोडप्याकडून विकत घेतलं. काउंटरमागच्या शेल्फवर शिकारीची काडतुसं आणि पिस्तुलाच्या गोळ्या असत. त्या दुकानाबरोबरच आल्या, किड्यांच्या डब्यांसारख्याच. हरणांच्या हंगामात निम्मं दुकान त्यावर चाले. इथे गोळ्या विकताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागत नाही. पण एक नियम आहे. बायकोपासून लांब राहा असा ज्याच्यावर कोर्टाचा हुकूम आहे, त्याला दुकानदाराने ते माहीत असताना गोळ्या विकायच्या नाहीत. माहीत नसेल तर दुकानदाराचा दोष नाही.

मला माहीत होतं.

बारा नोव्हेंबर २०१६, शनिवार. केसी दूध आणि बर्फ घ्यायला आली. ती आमच्याकडे लहानपणापासून यायची. त्या दिवशी दुकानातही काळा चष्मा घालून होती. मी विचारलं, "डोळे आलेत का?" तिने चष्मा काढून दाखवला आणि लगेच घातला. म्हणाली, "वेड आता घरी राहत नाही, मिसेस निमकर. जजने त्याला लांब राहायला सांगितलंय." मी तिला बर्फाचे पैसे लावले नाहीत. तेवढ्याने मला बरं वाटलं.

बुधवारी तिचा नवरा वेड आला. त्याने पिस्तुलाच्या गोळ्यांचा पन्नासचा एक डबा मागितला. दुकानात गर्दी होती असं मी नंतर प्रल्हादला सांगितलं. गर्दी नव्हती. वेड आणि मी, दोघंच होतो. त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली, माझ्या हातातलं खोकं उचलून वर ठेवलं. केसीचे शब्द मला आठवले. आता याला नाही कसं म्हणायचं, तो का म्हणून विचारेल, मग मी काय सांगू, एवढाच विचार मी केला. संकोच वाटला. मी डबा दिला.

गुरुवारी सकाळी त्याने केसीला गोळ्या घालून ठार मारलं. त्यांची मुलगी रुबी, सहा वर्षांची, तेव्हा आजीकडे होती म्हणून वाचली. वेड जन्मभर तुरुंगात आहे.

रुबीची आजी, म्हणजे केसीची आई लॉरेन, हिने आमच्या दुकानावर दावा लावला. वर्तमानपत्रात आलं, टीव्हीवर आलं. बंदुकांच्या बाजूची आणि विरोधातली, दोन्हीकडची माणसं दुकानात येऊन वाद घालून गेली. बक नावाचं आमचं जुनं गिऱ्हाईक, चाळीस वर्षं शिकार करणारा सज्जन माणूस, मला म्हणाला, "शोभना, वेडच्या पापासाठी तू जबाबदार, तर मग ट्रक विकणाराही जबाबदार. आणि उद्या मी गोळ्या घ्यायला आलो की माझ्याकडे गुन्हेगार म्हणून बघणार का?" त्याचं म्हणणं मला अजूनही सगळं चूक वाटत नाही. पण तो माझ्या जागी उभा नव्हता. त्याला कोणी चष्मा काढून दाखवला नव्हता.

मी प्रल्हादला शनिवारचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ नळाखाली एकच कप धूत राहिला. मग म्हणाला, "वकील म्हणालाय, विचारतील तेवढंच बोला. तुला कोणी विचारलंय का?" कोणी विचारलं नव्हतं. असे दावे दुकानदारावर चालू नयेत असा कायदा आहे, आणि आम्हाला माहीत होतं हे दाखवायला लॉरेनकडे काही नव्हतं. साक्षी होण्याआधीच जजने दावा काढून टाकला. कोर्टाबाहेर आमच्या वकिलाने प्रल्हादचा हात हातात घेऊन "काँग्रॅच्युलेशन्स" म्हटलं. लॉरेन समोरच्या बाकावर बसून पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होती. तिला ती सापडेना.

त्याच आठवड्यात मी गोळ्यांचं शेल्फ रिकामं केलं. प्रल्हाद म्हणाला, "हंगामात दुकान बसेल." खरंच बसलं. पण त्याने पुन्हा माल मागवला नाही.

२०१९ मध्ये प्रल्हादला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. सप्टेंबरात एका सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "चल, लॉरेनकडे जाऊ. मी गेल्यावर तुला एकटीला जावं लागेल, ते नको." मी ड्राइव्ह केलं. पाच पायऱ्या चढायला त्याला किती वेळ लागला ते माझं मला माहीत. लॉरेनने जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच ऐकलं. मी शनिवार सांगितला, बुधवार सांगितला. प्रल्हाद म्हणाला, "हिला बोलायचं होतं. मी गप्प बसवलं. तेही लक्षात असू दे."

माझ्यावर ओरडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "शनिवारी किती वाजता आली होती?"

"अकराच्या सुमारास."

"केस बांधलेले होते की मोकळे?"

"बांधलेले. पिवळ्या रबराने."

"हसली का तुझ्याशी?"

"जाताना हसली."

लॉरेनने जाळीवर कपाळ टेकलं. मग म्हणाली, "आता माझ्या पायऱ्यांवरून खाली उतरा." आम्ही उतरलो. वकिलाकडे जाऊन मी लेखी द्यायला तयार होते, पण तिच्या वकिलाने सांगितलं की मुदत संपली आहे, आता काही होणार नाही.

डिसेंबरात प्रल्हाद गेला. जानेवारीत मी दुकान पुन्हा उघडलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लॉरेन रुबीचा हात धरून आत आली. म्हणाली, "शाळेची बस तुझ्या दारात थांबते. माझी ड्युटी पाचला संपते. मला दुसरं कोणी नाही. मी तुला माफ केलेलं नाही, शोभना. पण तू आता काही लपवणार नाहीस, एवढं मला कळलंय."

त्या दिवसापासून रुबी रोज दुकानात असायची. साथीत शाळा बंद झाली तेव्हा मागच्या खोलीत लॅपटॉपवर तिचे वर्ग चालत आणि मधल्या सुट्टीत ती थालीपिठाला भोक पाडायला यायची. मला ती आजी म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी घाबरून लॉरेनकडे पाहिलं. लॉरेन म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? तुलाच हाक मारतेय." रुबी दहा वर्षांची झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून तिला सगळं सांगितलं, डब्यासकट. ती चार दिवस दुकानात आली नाही. बसमधून उतरून बाहेरच्या बाकावर बसायची. पाचव्या दिवशी आत येऊन म्हणाली, "I'm hungry, आजी." मी तवा ठेवला.

दोन वर्षांपूर्वी ऑस्टिनला, राज्याच्या विधिमंडळात, गोळ्यांच्या विक्रीवर तपासणी आणण्याचं एक विधेयक समितीपुढे होतं. लॉरेन आणि मी गेलो. प्रत्येकी दोन मिनिटं मिळाली. मी शनिवार-बुधवार सांगितल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, आपण कायदा मोडला असं म्हणताय का?" मी म्हटलं, "हो, सर. मला तसं वाटतं. आणि ते मला विचारणारे तुम्ही पहिलेच." विधेयक समितीतच राहिलं. परतीच्या वाटेवर आम्ही पीच विकत घेतले आणि गाडीतच खाल्ले. लॉरेनने सगळ्या सीटवर रस सांडला.

म्हणून: तळ्याकाठचं दुकान, त्याखालची जमीन, आतला माल आणि फ्रीज हे सर्व मी रुबीला देत आहे. ती अठरा वर्षांची होईपर्यंत लॉरेनने ते सांभाळावं.

५. पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती, की या जागेत पुन्हा कधीही गोळ्या विकू नयेत. लॉरेनने ती वाचून कागद परत केला. म्हणाली, "अट घातलीस तर हे तू रुबीला दिलंच नाहीस, स्वतःच्या मनाच्या समाधानाला दिलंस. तिला पुरेसं माहीत आहे." मी अट काढून टाकली आहे. रुबी काय विकेल ते रुबी ठरवेल.

६. ईशानने चौथ्या कलमाला विरोध केला होता, हे नोंदवून ठेवते. नाताळात आला तेव्हा म्हणाला, "आई, तू हे लिहून का देतेस? लीगली तू सेफ आहेस. लेट इट गो ना." मी ऐकलं नाही, तर आवाज चढला. मग एकदम खाली बसला आणि म्हणाला, "आठ वर्षं मला का नाही सांगितलंस? मी सगळ्यांशी तुमच्या बाजूने भांडलो, आई. मित्रांशी, ऑफिसमध्ये. माझ्या आईला काहीच माहीत नव्हतं म्हणून." ईशान, याचं उत्तर त्या दिवशी मला देता आलं नाही. तू माझ्याकडे जसा बघायचास तसा बघायचा थांबशील, याची भीती वाटली. दुसरं कारण नाही. तुझी क्षमा मागते. दुसऱ्या दिवशी तू केसीच्या थडग्यापाशी आलास, ओली पानं हाताने काढलीस आणि मला म्हणालास, "लिहायचंच असेल तर तिचं पूर्ण नाव लिही." ते मी आता लिहिते.

७. केसी लिन हार्गेट, वय अठ्ठावीस. तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. हे मी शपथेवर लिहीत आहे. कोणत्याही कोर्टाने, समितीने किंवा मुलाने पुढे कधी विचारलं, तर हा कागद दाखवावा.

८. माझे दिवस घालू नयेत. विद्युतदाहिनीनंतर राख तळ्यात टाकायला परवानगी लागते असं वकीलबाई म्हणतात. परवानगी मिळाली नाही तर ईशानने त्याला योग्य वाटेल ते करावं, मी विचारायला येणार नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. चौथ्या कलमाशी अनया उठून पाणी पिऊन आली. लाभ मिळणाऱ्या व्यक्तीला साक्षीदार होता येत नाही, आणि सही होताना तिने खोलीतही नसावं असं वकीलबाईंचं मत. त्यामुळे लॉरेन आणि रुबी बाहेर गाडीत बसल्या आहेत. रुबीची आज शाळेत बँडची कॉन्सर्ट आहे, मी सनई म्हणते ते तिचं वाद्य प्रत्यक्षात क्लॅरिनेट आहे. सहा वाजता पोचायचं आहे. लॉरेनने दोनदा हॉर्न वाजवला. मी सही करते.

(सही) शोभना प्रल्हाद निमकर

साक्षीदार, दोघेही राहणार अर्विंग:
(सही) शैलेंद्र त्र्यंबक वझलवार
(सही) अनया कुश देवपूरकर

स्थळ: अर्विंग, टेक्सास
दिनांक: १४ मार्च २०२५, शुक्रवार, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटं