उत्तरेच्या खिडकीतला फोटो

बाबा, आई पंचाहत्तर वर्षांची होतेय म्हणून तिचा एक चांगला फोटो काढायचा मी घाट घातलाय. वारज्याच्या घरात सकाळपासून पसारा आहे. इंटरनेटवर गोल, चौकोनी, छत्रीवाले इतके स्वस्त दिवे दिसले की डोकं भणभणलं. शेवटी एकही मागवला नाही. आईला सरळ खिडकीशी बसवलं आणि तुमची फार आठवण आली.

कंपनीने तुमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला आणि तुम्ही कर्वेनगरच्या आपल्या दोन खोल्यांत लग्नाच्या मुलींचे फोटो काढायचं ठरवलंत. स्टुडिओचे दिवे आवाक्याबाहेरचे, म्हणून मला घेऊन बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलात. मला काउंटरपाशी उभं करून तुम्ही एकेक दिवा माझ्या तोंडावर पाडून बघत होतात. चौथ्या दिव्याला दुकानदार म्हणाला, "काका, दिवा घ्यायचाय की मुलगी दाखवायचीय?" मी लाजेने अर्धी झाले. तुम्ही उलट त्यालाच समजावत बसलात, की साध्या बल्बने फोटो पिवळा येतो आणि ट्यूबने धडधाकट माणूस आजारी दिसतं. काहीही न घेता आपण घरी आलो. मग उत्तरेची खिडकी, उजेड चेहऱ्यावर परतवायला शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल आणि भिंतीकडे तोंड केलेला जुना फ्लॅश, एवढ्यावर तुमचा स्टुडिओ उभा राहिला.

पहिला फोटो माझा. काय सुंदर आलाय तो, बाबा. पण त्यात मी आहे तेवढीच सावळी होते, अगदी आईसारखी, आणि तेव्हा मला नेमकं तेच नको होतं.

पुढे मुलाकडचे आले. त्यांच्या हातात मात्र सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओतला फोटो, भगभगीत उजेडात गोरीपान झालेली मी. मुलाची आई एकदा फोटोकडे बघे, एकदा माझ्याकडे. "फोटो अलीकडचाच ना?" तुम्हीही तो फोटो तेव्हाच पहिल्यांदा पाहत होतात. तरी म्हणालात, "फोटो अलीकडचाच. मुलगी त्याच्याही अलीकडची आहे."

ते उठून गेल्यावर तुम्ही आईकडे वळलात, कारण विवाह मंडळात फोटोचं पाकीट तिने नेऊन दिलं होतं. "स्वतःच्या रंगाची लाज वाटत असेल तर ती स्वतःपुरती ठेव. पोरीला शिकवू नकोस." आईने पदराला हात पुसले आणि कपबशा उचलल्या. नंतर कितीतरी दिवस तुम्ही तिच्याशी कामापुरतंच बोलत होतात. मी तुमच्या दोघांच्या मध्ये जेवायला बसायचे आणि मान वर करायचे नाही.

बाबा, स्टुडिओतला तो फोटो मीच गुपचूप काढून घेतला होता आणि पाकिटातला तुमचा फोटो बदलला होता. आईने ते पाकीट उघडलंसुद्धा नव्हतं. तिने माझं काम ओळखलं असणारच, पण तुम्ही जाईपर्यंत तिने तुम्हाला सांगितलं नाही, आणि मीही नाही. हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही थोडेच वाचणार आहात. माफी जिची मागायची ती समोर बसलीय, आणि मी तिला नुसतं म्हणतेय, आई, हनुवटी जरा वर कर.