तीन बोटं गवत

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला आणि मी आत्ता कुठे उत्तराला बसलोय. रागावू नकोस. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण खरं कारण ते नाही. तू विचारलंस, बाबा, मागचं लॉन उखडून तिथे फरशी घालू का, गवंडी पाठवते. हो किंवा नाही लिहून पाकीट बंद करता आलं असतं. पण त्या गवताबद्दल मी तुला एक खोटं सांगितलंय. ते निस्तरल्याशिवाय मला हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो. डोळ्यांत औषध घातलं की नाही ते आठवत नाही, मग दोनदा घातलं जातं. पावसाचा पत्ता नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, वारा भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा लागतो. शेजारच्या मास्तरांच्या कुंड्या केव्हाच वाळल्या. तुझ्या आईचं लॉनही गवताच्या जुन्या झाडूसारखं झालंय. फक्त भिंतीकडचा एक कोपरा हिरवा आहे. त्याचंच सांगायचं आहे, पण आधी जरा मागे जातो.

तू नोकरीसाठी दूर गेलीस त्या वर्षी आईने ते लॉन लावलं. सगळे हसले. या मुलखात बाभूळ उगवताना विचार करते आणि ही लॉन लावते म्हणे. हिने हरळीच्या मुळ्या आणल्या, वीतवीत अंतरावर एकटीने लावल्या आणि दोन उन्हाळ्यांत अंगण झाकलं. तिचे नियम ठरलेले. रोज शिंपडायचं नाही, चार दिवसांनी एकदा पोटभर द्यायचं, म्हणजे मुळं खाली पाणी शोधायला जातात. माझा लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसून बघायची, मुठीपर्यंत गेला तर पाणी पोचलं. मी पाइप धरला की म्हणायची, अहो, ही डेपोतली बस नाही भडाभडा धुवायला. तहानलेल्या गवतावर पाऊल ठेवलं की पाती परत उठत नाहीत, ठसा तसाच राहतो, हेही तिनेच दाखवलं. आणि उन्हाळ्यात गवत तीन बोटं उंच ठेवायचंच. बोटं आडवी लावून मोजायची. मी कमी केलं की टोमणा ठरलेला, स्वतःला नऊ बोटं, यांना मोजमाप काय कळणार. डेपोत बसखालचा जॅक घसरून माझ्या डाव्या पायाची करंगळी गेली, तेव्हापासून पायाची नऊच बोटं उरलीत आणि त्यावरून ती मला आयुष्यभर चिडवत आली.

गेल्या उन्हाळ्यात तू तीन वर्षांनी येणार होतीस. मला वाटलं, पोरीला मखमल दिसली पाहिजे. आई बाजारात गेली तेव्हा मी गवत कापायच्या यंत्राचं पातं दोन खाचा खाली उतरवलं आणि सगळं लॉन भादरलं. मेकॅनिकची हुशारी! दोन दिवसांत उन्हाने मुळं भाजली, गवत पिवळं पडलं. आईने पातं पुन्हा दोन खाचा वर चढवून ठेवलं, ते जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नळाला पाणी नव्हतं, ती पिंपातलं बादलीने ओतायला निघाली. म्हणाली, चला हो, दोघे मिळून कोपरा तरी वाचवू. मी म्हणालो, जळू दे तुझं गवत, माणसापेक्षा मोठं झालंय का ते. दार लावून घेतलं आणि पंखा मोठा केला.

ठकू, तुझी आई खुर्चीत झोपेत गेली नाही. मी तुला तसं सांगितलं, मास्तरांना सांगितलं, डॉक्टरलाही सांगितलं. ती त्या कोपऱ्यात पालथी पडली होती. बादली पडल्याचा आवाज मी ऐकला होता. वाटलं, रागाने आपटली असेल. अर्धा तास उठलो नाही. मग मीच तिला उचलून खुर्चीत बसवलं, साडीची माती झटकली आणि तुला फोन लावला.

त्यानंतर त्या कोपऱ्याला मी थेंबभर पाणी घातलं नाही, तिकडे जाववतच नव्हतं. तरी तो हिरवा राहिला. मग सकाळी ठसे दिसू लागले. पिंपापासून कोपऱ्यापर्यंत वाळल्या गवतावर पावलं, आणि कोपऱ्यात बादलीच्या बुडाचं ओलं कडं. मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, अहो, मी माझ्या कुंड्या जगवल्या नाहीत, तुमच्या गवतावर कुठून उपकार करू? तेव्हा मला कळलं, तीच येते. भीती वाटली नाही, खरं सांगतो. मी बादली धुऊन पिंपापाशी ठेवू लागलो, तिला शोधावी लागू नये म्हणून.

परवा कोपऱ्यात चिखल जास्त होता. त्यात पाऊल नीट उमटलं होतं. डावं. करंगळीच्या जागी काही नव्हतं. मी चप्पल काढून पाय त्यावर ठेवला, बरोबर बसला. माझ्या धोतराच्या काठालाही चिखल होता. मी केव्हा उठतो, केव्हा पाणी घालतो, मला काही आठवत नाही, ठकू. गवत मात्र तीन बोटं आहे, मोजलं मी. हे पत्र म्हणूनच आज पुरं करतोय. हळूहळू सगळंच असं निसटेल आणि मग मला खुर्चीचीच गोष्ट खरी वाटू लागेल. मी ती पुन्हा सांगितली तर मानू नकोस, हा कागद दाखव. फरशीचं तू ठरव, मला तो अधिकार उरलेला नाही. तुला यावंसं वाटतं की नाही, तेवढं लवकर कळव. फोन नको, फोनवर मी हो हो म्हणतो आणि विसरतो. दोन ओळी का होईना, पत्रच लिही, पिंपावरच्या भिंतीला चिकटवून ठेवीन.

तुझाच,
बाबा