एक्केचाळीस काने

३ मार्च, सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. माणसानं निदान स्वतःशी तरी खोटं बोलू नये.
संग्रहालयाच्या संचालकांनी पाखरूवाल्यांचा घोळ माझ्याकडे सोपवला. हे नव्वद वर्षांपूर्वीचे व्यक्तिचित्रकार. सहीच्या जागी छोटं पाखरू काढायचे, नाव कुठेच नाही, म्हणून रजिस्टरमध्येही ‘पाखरूवाले’. इझलशेजारचा त्यांचा मिशाळ फोटो दालनात आहे. अडचण एवढीच की फोटोतले गृहस्थ वारले, त्यानंतर अकरा वर्षं चित्रं येत राहिली.
एकवीसला दालन उघडणार. भिंतीवर पितळी पाटी, मजकूर माझा. मग टेबलावरच्या ‘प्रभारी अभिलेखपाल’मधला ‘प्रभारी’ जाईल, असं संचालकांनी सुचवलं. म्हणजे बोलले नाहीत, पण चहा मागवला.

४ मार्च
घोळ सुटला. दोन भाऊ. थोरले वारले, धाकट्यांनी पाखरू पुढे चालवलं. पाऊण तास लागला.

६ मार्च, दुपारी
कपाटात पत्रांचं पुडकं मिळालं. प्रत्येकाखाली तेच पाखरू. सगळी कुणा वहिनीला लिहिलेली. अक्षर सुंदर, व्याकरण कच्चं. ‘सुखरूप पोचले.’ ‘चित्राला बसले.’ ‘फार दमले.’ जिथे तिथे काना गायब. शाई उडाली असणार.
अभ्यासकांची गैरसोय नको म्हणून काने देत गेलो. पोचलो, बसलो, दमलो. पेन्सिलीनं. मूळ कागदाला धक्का लावायचा नाही, हे माझं तत्त्व. आज सव्वीस झाले.

७ मार्च
एका पत्राची झेरॉक्स घरी नेली. काने देण्याआधीची. बायको तिसरीच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासत होती. बघून म्हणाली, ही बाई कोण? म्हटलं, बाई नाही, चित्रकार आहेत. तिनं लाल पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, परत उचललं.
शाळेतल्या लोकांना संशोधनाची पद्धत ठाऊक नसते.

१० मार्च
एक आजीबाई आल्या. पंच्याऐंशीच्या तरी असतील. म्हणाल्या, तो फोटो माझ्या वडिलांचा. ते फ्रेमा करायचे. चित्रं आईची. पाटीवर तिचं नाव घाल बाबा, माझे डोळे चाललेत, वाचता येतंय तोवर होऊ दे.
मी शांतपणे म्हटलं, आजी, पुरावा लागतो. त्या म्हणाल्या, मी आहे की.
भावनेवर इतिहास चालत नाही, हे समजावून सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी. जाताना आईचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. रजिस्टरमध्ये खूण म्हणून घातली. कागद जाड आहे, चांगली राहते.

१२ मार्च
मोठा शोध. पत्र: ‘मंगळवारी मोकळी झाले. दोघी सुखरूप. नाक अगदी माझं.’
अर्थ उघड आहे. मोठं काम हातावेगळं केलं, दोन तसबिरी झाल्या, पैकी एकीत स्वतःचं नाक. म्हणजे हरवलेलं आत्मचित्र. ‘झाले’ला काना दिला. ‘मोकळी’ची वेलांटी पेन्सिलीला दाद देईना, तिथे समासात ‘शाई पसरली’ असा शेरा मारला. ‘दोघी’ला ‘दोन्ही’ सुचवलं.
आत्मचित्रासाठी दालन पालथं घातलं. मिशीवालं एकही नाही. एक ‘अज्ञात स्त्री’ आहे, तिचा उपयोग नाही.
एकूण काने एक्केचाळीस.

१५ मार्च
पाटीचा मजकूर दिला: ‘थोरले व धाकटे पाखरूवाले बंधू’. पाटी कोरणारा म्हणाला, नावं? म्हटलं, संशोधन चालू आहे. तो म्हणाला, साहेब, पितळ आहे, खोडता येत नाही.
कारागीर फार घाबरट असतात.

१८ मार्च, ११.१५
दालनात संचालकांसमोर सादरीकरण. शंका कायमची मिटावी म्हणून आजीबाईंनाही बोलावलं होतं. खणखणीत वाचलं: ‘मंगळवारी मोकळा झालो.’
आजीबाई म्हणाल्या, आण इकडे. पत्र नाकाला टेकेल इतकं जवळ धरलं. मग विचारलं, हा काना कुणी दिला रे? मी म्हटलं, संपादनाचा भाग आहे. त्या म्हणाल्या, मंगळवारची मी. आई मोकळी झाली ती माझ्या वेळेला. दोघी म्हणजे ती न् मी.
संचालकांनी आजीबाईंच्या नाकाकडे बघितलं. मग ‘अज्ञात स्त्री’च्या. मग माझ्याकडे. चहा मागवला नाही.

१९ मार्च
शेवटी पुरावा माझ्याच पुडक्यात निघाला, हे विसरून चालणार नाही.
काने खोडायचा हुकूम झाला. आजीबाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. एकेक खोडला की वाचायच्या. पोचले. बसले. दमले. ‘मोकळी झाले’पाशी आलो तेव्हा माझ्या हातातलं रबर काढून घेतलं. तो काना त्यांनी स्वतः खोडला. फुंकर मारली. मग रबर परत दिलं.
चिठ्ठी रजिस्टरमध्ये होती. पाटी कोरणाऱ्याला नाव कळवलं. तो म्हणाला, बरं झालं, मी हातच लावला नव्हता.

२० मार्च
उरलेले काने खोडले. करंगळी आखडली.

२१ मार्च, संध्याकाळी
दालन उघडलं. पाटीवर एकच नाव. आजीबाईंनी आधी डोळ्यांनी वाचलं, मग बोटानं. फोटोखाली ‘फ्रेम करणारे, चित्रकर्तीचे पती’ असं लागलं. ‘अज्ञात स्त्री’खालीही आता तेच नाव. माझ्या टेबलावर ‘प्रभारी’ आहे तसंच. तात्पुरतं असेल.
साडेसहाला घरी पोचले. चहा घेऊन बसले. फार दमले.
बायको खांद्यावरून वाचतेय. विचारतेय, ही बाई कोण?