अंगठ्यातली गाठ

३ जून
नोकरी मिळाली एकदाची! प्रयोगशाळा छोटी पण लख्ख, टेबल खिडकीपाशी. मॅडमनी आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या कानाची कातडी जपून ठेवली आहे. तिच्या पेशींना आपण कातडी आहोत हेच विसरायला लावायचं, की त्या मूळ पेशी होतात. मग त्यांतून काहीही घडतं: हृदय, केस, दात. मला त्यांचा हेवाच वाटला.

दादाला फोन केला. म्हणाला, "माझी किडनी नीट सांभाळ म्हणजे झालं." तीन वर्षं हाच विनोद. त्याच्या किडनीवर मी जगते आहे, हे मी विसरले तरी तो विसरू देत नाही. शरीराने ती परकी समजून हाकलू नये म्हणून रोज गोळ्या घेते. इथे हे सांगितलं असतं तर दारातूनच वाटेला लावलं असतं.

२१ जून
त्या मूळ पेशी भरलेली सुई डाव्या अंगठ्यात घुसली. मॅडम हसल्या. माणसाचं शरीर कुत्र्याच्या पेशी टिकू देत नाही, म्हणाल्या. मीही हसले. गोळ्यांचं लपवलंच.

९ ऑगस्ट
अंगठ्यात वाटाण्याएवढी गाठ. वर राठ, तपकिरी केस.

१८ ऑगस्ट
केस कापले, पुन्हा आले. आत काहीतरी टणक आहे. मॅडमचा आवाज आला की गाठ थडथडते —

२७ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, गाठीची मुळं मनगटापर्यंत गेली आहेत, हात काढावा लागेल. गोळ्या थांबवल्या तर शरीरच गाठीला मारेल, पण किडनीलाही. तो विचारसुद्धा नको, आधी भावाशी बोला.

नाही बोलले. किती दिवस त्याला विचारून जगायचं? हात माझा आहे. गोळ्या बंद.

६ सप्टेंबर
पाय सुजले. लघवी जवळजवळ नाहीच. गाठ — वाढते आहे.

९ सप्टेंबर
हॉस्पिटल. किडनी गेली. गाठ ठणठणीत. सख्ख्या भावाला शरीराने परकं ठरवलं, आणि कुत्र्याला घरचं.

१० सप्टेंबर
दादा आला. आज विनोद नाही. "अजून एक असती ना, तर तीही दिली असती गं." फार रडले. लाज वाटली.

माझा डावा हात हातात घेऊन बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला आहे. गाठ गरम — हलते आहे — हात ओढते, त्याच्या मुठीतून सुटत नाही — हाक मारते, तो उठत नाही — कातडी उकलली, आत दात — दादा, बोटं काढ, बोटं का